शर्ली जॅक्सनचं 'द लॉटरी अँड अदर स्टोरीज' : घ्या, पण मागचं कव्हर वाचू नका

आधी तक्रार. अमेरिकन लेखिका शर्ली जॅक्सनच्या या कथासंग्रहाची पेपरबॅक ऑनलाइन मागवली, पॅकिंगच्या नावाने बोंब, एक कोपरा मुडपून आला, अक्षर बारीक, हे सगळं एकवेळ चाललं असतं. पण मागच्या कव्हरवर चार ओळी ज्या कोणी शहाण्याने लिहिल्यात त्याने मुख्य गोष्टीचा, म्हणजे 'द लॉटरी'चा, शेवटच फोडून ठेवलाय. अरे, ज्या गोष्टीचा सगळा जीव शेवटच्या पानात आहे ती अशी कव्हरवर टांगून ठेवतात का? नशीब की मी ती कॉलेजात असताना एका झेरॉक्सवर वाचली होती, आता पंधरा-सोळा वर्षांनी पूर्ण पुस्तक हवं म्हणून घेतलं.

(गोष्ट वाचली नसेल तर मधलं सगळं सोडा आणि थेट शेवटच्या पॅराला जा, मी पण आता फोडणारच आहे.)

आपल्याकडे लॉटरी म्हटलं की म्हाडाची सोडत नाहीतर टपरीवरचं तिकीट, लागली तर नशीब उघडलं. इथे उलटं. अमेरिकेतलं जेमतेम 300 वस्तीचं गाव, 27 जूनची छान उन्हाची सकाळ, पोस्ट आणि बँकेच्या मधल्या चौकात दहाच्या सुमारास लोक जमतायत, पुरुष पेरणी, पाऊस, ट्रॅक्टर, टॅक्स असलं बोलतायत, पोरं गुळगुळीत दगड वेचून खिशात भरतायत, दोन तासांत उरकून दुपारच्या जेवणाला घरी जायचंय. टेसी हचिन्सन नावाची बाई उशिरा धावत येते, अॅप्रनला हात पुसत, आजचा दिवस विसरलेच होते म्हणते, सिंकमधल्या भांड्यांवरून काहीतरी थट्टा करते, सगळे हसतात. मग एका काळ्या पेटीतून चिठ्ठ्या निघतात. काळा ठिपका हिच्या घराला येतो, मग घरातल्यांच्यात पुन्हा चिठ्ठ्या, आणि ठिपका हिलाच. आणि ते दगड कशासाठी होते ते तेव्हा कळतं.

या गोष्टीवर नेटवर मुलांच्या नोट्स ढिगाने सापडतात, पेटी म्हणजे मृत्यू, ग्रेव्ह्ज आडनाव म्हणजे थडगं, लॉटरी चालवणारा समर्स म्हणजे उन्हाळा, झालं प्रतीक, घ्या पाच मार्क. चूक नाही म्हणणार मी, पण असं वाचलं की गोष्टीतली हवाच जाते. ती पेटी आधी नुसती पेटी म्हणून बघा ना. रंग उडालेला, एका बाजूला ढलप्या निघालेल्या, तीन पायांच्या स्टुलावर ठेवलेली. मूळची कधीच हरवली, हिच्यात म्हणे त्या जुन्या पेटीचे तुकडे आहेत. दरवर्षी समर्स नवीन करूया म्हणतो, दरवर्षी विषय बारगळतो. वर्षभर ती कोणाच्या तरी गोठ्यात, कधी पोस्टात पायात येत, कधी किराणा दुकानाच्या फळीवर पडलेली. म्हणजे इतकी पवित्र वगैरे असती तर हे हाल केले असते का? आधी लाकडाच्या चकत्या असायच्या, गाव वाढलं तसे कागद आले. काहीतरी मंत्रासारखं म्हणायचे, काहीतरी विशिष्ट सलाम असायचा, ते सगळं विसरून गेले. लक्षात काय राहिलं तर दगड. मला वाटतं अख्ख्या गोष्टीत सगळ्यात भयानक हेच आहे आणि ते जॅक्सनबाईंनी जाता जाता एका वाक्यात टाकलंय.

का करतात हे, याचं उत्तर कोणाकडेच नाही. शेजारच्या गावात बंद करायचं चाललंय असं कोणीतरी म्हणतं तर वॉर्नर म्हातारा खवळतो, त्याची ही 77 वी लॉटरी, मक्याचं पीक आणि लॉटरी जोडणारी एक जुनी म्हण तेवढी त्याच्याकडे आहे, बस्स.

आता टेसी. पहिल्यांदा वाचताना मला तिची नुसती दया आली होती. यावेळी नाही आली तेवढी. ती ओरडते काय, तर नवऱ्याला चिठ्ठी निवडायला पुरेसा वेळ दिला नाही, हे बरोबर नाही. लॉटरी बरोबर नाही असं ती एकदाही म्हणत नाही! उलट लग्न झालेल्या लेकीला आणि जावयालाही चिठ्ठ्यांत धरा म्हणते, म्हणजे आपला धोका तेवढाच कमी. आई हो ती. ठिपका शेजारणीला आला असता तर हिनेही दगड उचललाच असता आणि घरी जाऊन भांडी घासली असती. शेजारीण मिसेस डेलाक्रॉय, जिच्याशी ती सकाळी हसून बोलली, तीच दोन्ही हातांनी उचलावा लागेल एवढा धोंडा उचलते. आणि धाकट्या डेव्हीच्या, टेसीच्याच पोराच्या, हातात कोणीतरी चार खडे देतं. ते वाचून मी पुस्तक उलटं ठेवलं आणि चहा टाकला.

ही गोष्ट 1948 च्या 26 जूनच्या 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकात आली. त्या उन्हाळ्यात जॅक्सनबाईंना 300 च्या वर पत्रं आली, त्यातली बरं बोलणारी म्हणे फक्त 13, तीही बहुतेक मित्रमंडळींची. आईनेसुद्धा लिहिलं की आम्हाला नाही आवडली. काहींनी तर चौकशी केली की हे कुठे चालतं, बघायला येता येईल का! दक्षिण आफ्रिकेत बंदी आली तेव्हा बाईंना म्हणे वाटलं, निदान त्यांना तरी गोष्ट कळली.

बाकीच्या गोष्टी? एकूण 25 आहेत, सगळ्या सारख्या नाहीत, तीन-चार तर संपल्या कधी ते कळलंच नाही. पण दाढदुखी घेऊन रात्रीच्या बसने न्यूयॉर्कला निघालेल्या बाईची 'द टूथ' आणि लग्नाच्या दिवशी नवरदेव शोधत फिरणारीची 'द डीमन लव्हर' या सोडू नका.

साडेचार स्टार, अर्धा मागच्या कव्हरचा कापला. आमच्या भिशीतल्या एका मैत्रिणीला वाचायला दिलंय, शाळेच्या वह्यांना घालतो तसं खाकी कव्हर घालून आणि सेलोटेप मारून, काढलंस तर बघ म्हणून. पुढची भिशी आमच्याकडेच आहे, चिठ्ठी तिलाच उचलायला लावणार आहे.