वायफायच्या डिशचे वर्षभराचे पैसे आगाऊ देण्याआधी

दूरच्या टॉवरवरून लहरींनी नेट पकडणारी डिश गच्चीवर बसली फाल्गुनात. नेट गेलं आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. मधल्या दोन महिन्यांत यावल तालुक्यातल्या एका घरातल्या पोरांनी परीक्षेचे फॉर्म भरले, टीव्हीवर मॅच पाहिली, आणि सगळ्यांनी शेजाऱ्यांना सांगितलं की वायफाय झकास चालतं. शेजारच्या तीन घरांनीही मग पैसे भरले.

एका घराचा हिशेब असा होता: वर्षाचे 7,200 रुपये आगाऊ, डिश आणि पाईप बसवण्याचे 2,500, आणि डिपॉझिट म्हणून 1,000. एकूण 10,700 रुपये, एका तरुणाच्या मोबाईल नंबरवर पाठवलेले. पावती म्हणजे वहीच्या पानाचा व्हॉट्सॲपवर आलेला फोटो. त्यावर नाव, रक्कम आणि ‘पेड’ एवढंच लिहिलेलं. कंपनीचं नाव नाही, जीएसटी नंबर नाही, किती स्पीड देणार याचा उल्लेख नाही. नेट बंद पडल्यावर पहिला आठवडा ‘टॉवरचं काम चालू आहे’ असं उत्तर, दुसऱ्या आठवड्यात ‘माणूस पाठवतो’, आणि पुढे फोन उचलणंच बंद.

डिश बांधणं, दुरुस्त करणं हे आमचं रोजचं काम आहे. अशा घरांच्या गच्चीवर चढल्यावर जे सापडतं ते इथे सविस्तर लिहितो आहोत, म्हणजे पुढच्या माणसाचे पैसे तरी वाचतील.

पहिलं कारण कडुनिंब. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये कडुनिंबाची पानं झडतात. त्या दिवसांत गच्चीवरून दूरचा टॉवर फांद्यांमधून स्वच्छ दिसतो. बसवणारा बोट दाखवून म्हणतो, ‘नाना, बघा, समोरच आहे.’ आखाजीपर्यंत झाड पुन्हा गच्च भरतं. डिशच्या 5 गिगाहर्ट्झच्या लहरींची लांबी पाच-सहा सेंटिमीटर असते. पानातलं पाणी त्या लहरी शोषून घेतं, आणि पावसात ओलं झालेलं झाड तर त्यांच्यासाठी भिंतच. ज्याने चार डिश बांधल्या आहेत त्याला हे ठाऊक असतं. तरीही तो सांगत नाही, कारण पैसे त्याच दिवशी घ्यायचे असतात.

आणि टॉवर नुसता ‘दिसणं’ पुरत नाही. दोन अँटेनांमधली वाट दोरीसारखी बारीक नसते. ती दोन्ही टोकांना निमुळती आणि मध्ये फुगलेली असते, काकडीसारखी. 5 किलोमीटरच्या अंतराला ऐन मध्यावर तिची त्रिज्या सुमारे 8 मीटर भरते. त्यातला निदान 60 टक्के भाग, म्हणजे सरळ रेषेच्या भोवती साधारण 16 फूट, मोकळा लागतो. 3 किलोमीटरला हाच आकडा 12 फुटांच्या आसपास येतो. केळीचा बाग सहसा आड येत नाही, तो तेवढा उंच नसतो. आड येतात बांधावरचे कडुनिंब आणि चिंचा, आणि गावात शेजाऱ्याने चढवलेला नवा मजला. उपाय म्हणजे उंच पाईप. पण 10 फुटांचा पाईप 20 फुटांचा केला की त्याला तीन बाजूंनी तारेचे ताण द्यावेच लागतात. मे-जूनच्या ज्या वादळाने केळी आडवी होते, त्याच वादळात बिनताणाचा पाईप फिरतो. डिशचा झोत साधारण दहा अंशांच्या आत असतो, त्यामुळे थोडी फिरली तरी सिग्नल अर्ध्यावर येतो. ताणाच्या तारा लावल्या नसतील तर बसवण्याचे 2,500 कशाचे घेतले, हे तिथेच विचारा.

आता आकडे. मोबाईलवर वायफायच्या कांड्या पूर्ण दिसतात म्हणून खूश होऊ नका. त्या कांड्या घरातल्या राऊटरपासून मोबाईलपर्यंतच्या आहेत, टॉवरशी त्यांचा काही संबंध नाही. टॉवरचा सिग्नल डिशच्या स्वतःच्या सेटिंगच्या पानावर दिसतो. बसवणारा लॅपटॉपवर किंवा मोबाईलवर ते पान उघडूनच डिश जुळवतो, तेव्हा त्याच्या शेजारी उभं राहा. आकडा डीबीएममध्ये (सिग्नलची ताकद मोजायचं एकक) आणि उणे असतो, म्हणून उणे 55 हा उणे 75 पेक्षा चांगला. उणे 50 ते उणे 65 असेल तर समाधान माना. उणे 70 ला काम चालतं, पण पावसाळ्यात त्रास होतो. उणे 75 च्या खाली गेला तर पैसे देऊच नका. त्याच पानावर आजूबाजूच्या लहरींच्या गोंगाटाचा, म्हणजे नॉइजचा आकडा असतो, उदाहरणार्थ उणे 95. सिग्नल आणि नॉइज यांत निदान 25 चं अंतर हवं. डिशच्या दोन ध्रुवणांचे, म्हणजे उभ्या आणि आडव्या लहरींचे, दोन वेगळे आकडे दिसतात. त्यांत चार-पाचपेक्षा जास्त फरक असेल तर डिश तिरकी बसली आहे, नाहीतर आतून बिघडली आहे. त्या पानाचा फोटो तारखेसह काढा आणि तेच आकडे पावतीवर लिहून घ्या. ‘नेट तर चालत होतं, तुमच्याच घरात गडबड असेल’ या नेहमीच्या उत्तराला पुढे हाच कागद उपयोगी पडतो.

स्पीड टेस्टमध्ये दोन चलाख्या चालतात. पहिली ‘बर्स्ट’. ऑपरेटरच्या यंत्रात अशी सोय असते की पहिले दहा-वीस सेकंद ग्राहकाला भरपूर वेग द्यायचा आणि मग आवळायचा. स्पीड टेस्ट तेवढ्यातच संपते. 50 एमबीपीएस दिसतात आणि प्रत्यक्षात 8 वर चित्रपट अडकत राहतो. दुसरी चलाखी म्हणजे टेस्टचा सर्व्हर ऑपरेटरच्याच घरचा निवडायचा. म्हणून टेस्ट करताना मुंबई, पुणे असे निरनिराळे सर्व्हर निवडा, आणि एखादी मोठी फाईल निदान पाच मिनिटं उतरवून पाहा. 50 एमबीपीएस म्हणजे सेकंदाला सुमारे 6 मेगाबाइट, कारण 8 बिटांचा 1 बाइट. 100 म्हणजे साडेबारा. आणि हे सगळं दुपारी नको, रात्री 8 ते 11 या वेळेत करा. टेस्टच्या पानावर सेवा देणाऱ्याचं नावही दिसतं. तिथे तुमच्या पावतीवरच्या नावाऐवजी एखाद्या मोठ्या कंपनीचं नाव दिसलं, तर चौकशी करा. शहरात घरगुती फायबरचं एकच कनेक्शन घ्यायचं आणि ते डिशने पाच खेड्यांत वाटायचं, असले प्रकारही असतात. मूळ कंपनीला कळलं की ती ते कनेक्शन कापते, आणि एका रात्रीत सगळी गावं बंद पडतात.

रात्रीचीच वेळ का, तर टॉवरवरच्या एका सेक्टर अँटेनाची, म्हणजे एका दिशेच्या सगळ्या घरांना नेट देणाऱ्या अँटेनाची, क्षमता तिच्यावरच्या सगळ्या ग्राहकांत वाटली जाते. जुन्या पद्धतीच्या यंत्रात 20 मेगाहर्ट्झच्या चॅनेलवर (लहरींच्या एका पट्टीवर) कागदोपत्री 144 एमबीपीएस लिहिलेले असतात, हातात येतात 80-90, तेही सगळे मिळून. त्यावर 40 घरांना प्रत्येकी 30 विकले तर दुपारी सगळे समाधानी आणि रात्री सगळे रडतात. थोडी जास्त विक्री सगळेच करतात, कारण सगळे एकाच वेळी नेट वापरत नाहीत. तेवढ्याला फसवणूक म्हणता येणार नाही. पण एका सेक्टरवर किती घरं आहेत हे विचारल्यावर जो उत्तर टाळतो, त्याला वर्षाचे पैसे आगाऊ देऊ नका. 5 गिगाहर्ट्झचा हा पट्टा विनापरवाना आहे. गावात दुसरा ऑपरेटर त्याच चॅनेलवर आला तर सरकार कुणाचं संरक्षण करत नाही, हेही ध्यानात असू द्या.

सामानात फसवणूक सर्वांत जास्त, आणि ती सापडतेही सोपी.

केबल पाहा. चांगली केबल शुद्ध तांब्याची, बाहेर वापरायची, काळ्या जाड आवरणाची असते. स्वस्तातली केबल ॲल्युमिनियमची असते आणि तिच्यावर तांब्याचा फक्त मुलामा असतो. टोकाची तार ब्लेडने खरवडा. आत पांढरी निघाली तर मुलाम्याची. तिचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, दोन-तीनदा वाकवली की तुटते, आणि जोडाजवळ लवकर खराब होते. डिशला वीज याच केबलमधून जाते, बहुतेक 24 व्होल्टची. लांब, हलकी केबल असेल तर वर पोचेपर्यंत व्होल्टेज पडतं आणि डिश पुन्हापुन्हा बंद-चालू होते. ग्राहकाला वाटतं नेट खराब आहे. घरात वापरायची करडी केबल गच्चीवर टाकली तर आपल्या 44-45 अंशांच्या उन्हात तिचं आवरण तडकतं, पहिल्या पावसात पाणी आत शिरतं आणि केबलमधून उतरत उतरत अडॅप्टरपर्यंत येतं. केबल घरात शिरते तिथे खाली वाकलेला एक झोळ ठेवला तर पाणी बाहेरच ठिबकतं. फुकटचं काम आहे, पण घाईत कुणी करत नाही. मध्येच तारा पिळून टेप गुंडाळलेला दिसला, तर ती केबल बदलायला लावा.

डिश नवी म्हणून जुनी देतात. मागचं लेबल खरवडलेलं किंवा नव्याने चिकटवलेलं असेल, किंवा लेबलवरचा मॅक क्रमांक (त्या यंत्राचा ओळख क्रमांक) आणि पानावरचा मॅक क्रमांक जुळत नसेल, तर ती डिश दुसऱ्याच्या गच्चीवरून आलेली आहे. जुनी डिश घ्यायला हरकत नाही, पण मग भाव जुन्याचा हवा. राऊटरचंही तेच. ज्याचे मागचे पोर्ट 100 एमबीपीएसचे आहेत, त्यातून 95 च्या वर काही येणार नाही, मग डब्यावर 300 लिहिलेलं असो.

वीज जाण्याबद्दल कुणीच विचारत नाही, म्हणून इथे सांगतो. तुमच्या घरात इन्व्हर्टर असून उपयोग नाही. तुमच्या आणि शहराच्या मध्ये जे टप्प्याचे टॉवर आहेत, त्यातल्या एकावरही बॅटरी नसेल तर त्या गावची लाईट गेली की तुमचं नेट गेलं. ‘मध्ये किती टप्पे आहेत आणि प्रत्येकावर किती तासांची बॅटरी आहे’ हा प्रश्न विचाराच. आणि जूनमधल्या विजांचं काय? लोखंडी पाईपला अर्थिंग नसेल तर डिश जळते, कधी केबलवाटे राऊटर आणि टीव्हीही जातो. जळलेल्या डिशचे पैसे कोण भरणार, हे आधी लिहिलेलं नसतं आणि नंतर ते ग्राहकाकडूनच घेतले जातात.

अलीकडे, 2023 पासून, मोठ्या कंपन्यांची 5जीवर चालणारी घरगुती सेवा आली आहे. तिचं नाव सांगून पैसे उकळणारेही फिरतात. तुमच्या घरी ती मिळते की नाही हे कंपनीच्या अधिकृत ॲपवर पत्ता टाकून स्वतः पाहा आणि पैसे तिथेच भरा. ‘भाऊ, अजून दिसत नाही, पण बुकिंग करून ठेवतो’ म्हणत कुणी स्वतःच्या नंबरवर पैसे मागितले, तर देऊ नका.

पैसे भरताना क्यूआर स्कॅन केल्यावर जे नाव येतं ते आणि पावतीवरचं नाव एकच हवं. पावतीवर जीएसटी नंबर असेल तर तो 15 अंकाक्षरांचा असतो आणि महाराष्ट्राचा असेल तर 27 ने सुरू होतो. जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की मालकाचं नाव आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे दिसतं. इंटरनेट सेवेवर 18 टक्के जीएसटी लागतो. 7,200 मध्ये तो धरला आहे की वरून घेणार, हेही विचारून ठेवा. ऑपरेटर दुसऱ्याच्या परवान्यावर काम करत असेल तर त्या परवानाधारकाचं नाव पावतीवर हवं, कारण उद्या हा माणूस गेला तर विचारायला कुणीतरी उरतं. शक्य असेल तर महिन्याचेच पैसे द्या. फार सवलत असेल तर तीन महिन्यांचे. वर्षाचे देण्याआधी एक पावसाळा जाऊ द्या.

फसलात तर आधी लेखी तक्रार करा, व्हॉट्सॲपवर का होईना, आणि त्याचा पुरावा ठेवा. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. तिथे काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. आता सरकारच्या ई-जागृती संकेतस्थळावर ऑनलाइन तक्रार होते, सेवेसाठी तुम्ही दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही, मुदत दोन वर्षांची, आणि तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात दावा करता येतो. माणूस सरळ पैसे घेऊन पळाला असेल तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, कारण उशीर झाला की पैसे खात्यातून पुढे निघून जातात.

तक्रार केल्यावर दुसरा सापळा येतो. ‘रिफंड देतो’ म्हणून फोन येतो, क्यूआर पाठवतात, एखादी एपीके फाईल (बाहेरचं ॲप) टाकायला सांगतात किंवा मोबाईलची स्क्रीन दाखवायला लावतात. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन टाकलात की पैसे तुमच्याकडून जातात.

गच्चीवरची डिश तशीच राहिली असेल तर ती कुणाच्याही हातात देऊ नका. ‘धंदा आता आमच्याकडे आहे’ असं सांगत नवा माणूस येतो, डिश काढून नेतो, आणि महिन्याभराने जुना ऑपरेटर तिची किंमत मागतो, नाहीतर डिपॉझिट बुडतं. मॅक क्रमांकासह फोटो काढा, नेणाऱ्याची सही आणि तारीख घ्या, आणि डिपॉझिट हातात पडल्यावरच नट सैल करा.