टाकी आणि मासे एकाच दिवशी विकून झालेली आमची फसवणूक

गेल्या जूनमध्ये मुलीच्या नवव्या वाढदिवसाला माशांची टाकी घ्यायची म्हणून आम्ही ४,००० रुपये बाजूला काढले होते. त्याहून जास्त खर्च करण्याची आमची ऐपत नव्हती आणि डोंबिवलीतील ज्या दुकानात आम्ही गेलो, तिथे हे मी सुरुवातीलाच सांगून टाकले. दुकानदार अतिशय गोड बोलला. दोन फुटी काचेची टाकी, झाकण, दिवा, फिल्टर, पाच किलो खडे, प्लॅस्टिकची झाडे, खाद्याचा डबा, दोन गोल्डफिश, गुलाबी व हिरव्या रंगाचे सहा टेट्रा आणि 'टाकी साफ ठेवणारा' एक सकर मासा, असे सगळे त्याने ३,५८० रुपयांत बसवून दिले. पक्के बिल मागितले तेव्हा कागदाच्या चिटोऱ्यावर फक्त एकूण रक्कम लिहून मिळाली.

मासे त्याच दिवशी नेले तर चालतील का, असे मी त्याला स्पष्ट विचारले होते. त्यावर तो म्हणाला, "साहेब, या बाटलीतले दहा थेंब टाका आणि अर्ध्या तासाने मासे सोडा, काही होत नाही." ते थेंब नळाच्या पाण्यातील क्लोरीन घालवण्यासाठी असतात आणि ते काम ते करतातही, पण नव्या टाकीत मासे मरतात ते मुख्यतः दुसऱ्याच कारणाने, आणि ते कारण वर्षानुवर्षे मासे विकणाऱ्या माणसाला ठाऊक नसेल, यावर माझा विश्वास नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाणी ताकाच्या निवळीसारखे पांढुरके झाले होते आणि दोन्ही गोल्डफिश पाण्याच्या वरच्या थराला येऊन तोंडाची उघडझाप करत होते. संध्याकाळपर्यंत त्यातला एक मेला. मुलीने तो रुमालात गुंडाळून गॅलरीतल्या कुंडीत पुरला आणि त्या रात्री ती जेवली नाही.

दुकानदाराने दोष आमच्या पाण्याला दिला, निळ्या औषधाची बाटली विकली आणि दर रविवारी टाकी पूर्ण रिकामी करून खडे व फिल्टरचा स्पंज नळाखाली स्वच्छ धुवायला सांगितले. आम्ही ते निष्ठेने केले. पुढच्या सहा आठवड्यांत पाच वेळा त्या दुकानाची पायरी चढलो, औषधे आणि मेलेल्या माशांच्या जागी नवे मासे यांवर आणखी १,९०० रुपये गेले, एकूण अकरा मासे मेले आणि टाकीत तीन टेट्रा व तो सकर एवढेच उरले.

खरा प्रकार समजला तो कार्यालयातील एका सहकाऱ्यामुळे. त्यांनी आमच्या टाकीतले पाणी छोट्या काचेच्या नळीत घेऊन त्यात तपासणीचे थेंब टाकले. अमोनिया नसेल तर पाणी पिवळे राहते. आमचे पाच मिनिटांत गर्द हिरवे झाले. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो, काही जीवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे जीवाणू त्या नायट्राइटचे बरेच कमी घातक नायट्रेट करतात, आणि हे जीवाणू स्पंजवर व खड्यांवर पुरेशा संख्येने वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आम्ही दर रविवारी क्लोरीनच्या पाण्याने धुऊन काढत होतो ते हेच जीवाणू, आणि ते निळे औषधही त्यांना मारक होते. दुकानदाराचा प्रत्येक सल्ला आम्हाला पुन्हा त्याच्याच गल्ल्यापाशी आणणारा होता, हे तेव्हा लक्षात आले आणि मला फार संताप आला.

टाकी 'सत्तर-ऐंशी लिटरची' आहे, हेही खोटेच होते. लांबी, रुंदी आणि उंची सेंटीमीटरमध्ये मोजून गुणाकार करावा आणि त्याला १,००० ने भागावे, म्हणजे लिटर मिळतात. आमची टाकी ६० × ३० × ३०, म्हणजे काठोकाठ भरली तरी ५४ लिटरची. गोल्डफिश खूप घाण करतो आणि वीतभर सहज वाढतो, सकर तर फूटभराच्याही पुढे जातो. इतक्या पाण्यात ते मासे द्यायलाच नको होते. सकर आम्ही त्या सहकाऱ्यांच्या मोठ्या टाकीत दिला. कंटाळून असा मासा कोणी नदीत किंवा तलावात सोडू नये, कारण मूळचा दक्षिण अमेरिकेतला हा मासा आपल्याकडे उजनीच्या जलाशयापर्यंत पोहोचला आहे आणि तेथील मच्छीमारांना त्याचा त्रास सोसावा लागतो.

टेट्रांबद्दल सांगताना मला अजूनही वाईट वाटते. त्यांचा रंग जन्मजात असल्याचे आम्हाला सांगितले गेले होते. प्रत्यक्षात ते पांढरे विडो टेट्रा होते आणि त्यांना कृत्रिम रंग दिलेला होता. असे मासे सुईने रंग टोचून किंवा रंगाच्या द्रावणात बुडवून तयार करतात आणि त्या छळात कित्येक मासे मरतात. दुसऱ्या महिन्यात शेपटीकडून रंग उतरू लागला तेव्हा दुकानदाराने पुन्हा आमच्या पाण्यालाच दोष दिला.

बिल न देणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे अनुचित व्यापार प्रथा आहे आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते, हे मला उशिरा कळले. हातात पुरावा म्हणून फक्त तो चिटोरा होता. म्हणून कितीही किरकोळ खरेदी असली तरी माशांची जात आणि संख्या लिहिलेले बिल घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत, आणि जो दुकानदार टाकीबरोबर त्याच दिवशी मासे नेण्याचा आग्रह धरतो त्याच्याकडून दोन्हीही घेऊ नये.

सहकाऱ्यांनी स्वतःच्या जुन्या टाकीतला वापरातला स्पंज आणि मूठभर खडे दिले, ते आम्ही आमच्या टाकीत ठेवले. औषधे बंद केली, नवे मासे आणले नाहीत, आणि बादलीत चोवीस तास उघडे ठेवलेले पाणी घेऊन एक दिवसाआड फक्त पाव टाकी पाणी बदलत राहिलो. स्पंज आता टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळतो. पाच आठवड्यांनी नळीतले पाणी पिवळे राहिले, त्यानंतर चार गप्पी आणले आणि ते सगळे जगले. तीन टेट्रांपैकी दोन आता पूर्ण पांढरे झाले आहेत. तिसऱ्याच्या पाठीजवळ गुलाबी रंगाची एक पुसट रेघ अजून आहे.