कुस्ती केंद्राचा वर्षभराचा अनुभव: जोड कशी लावतात, ते आधी पाहा

पुण्याच्या पश्चिमेकडील एका उपनगरातल्या कुस्ती प्रशिक्षण केंद्रात माझा मुलगा गेले वर्षभर जातो आहे. केंद्राचे नाव मी येथे देत नाही, कारण पुढे ज्या मुलांचा उल्लेख येईल ती सारी अल्पवयीन आहेत आणि केंद्राच्या नावावरून ती सहज ओळखू येतील. मात्र मुलाला तालमीत घालण्याआधी पालकांनी तेथे काय पाहावे, हे नाव न घेताही सांगता येते.

माझा मुलगा 13 वर्षांचा असून त्याचे वजन 61 किलो आहे. अंगापिंडाने तो थोराड आहे आणि त्याच्या वयाची बरोबरची मुले 38 ते 45 किलोंच्या घरातली आहेत. यापूर्वी तो जेथे जात असे, तेथे केवळ जन्मवर्ष पाहून जोड लावली जाई, म्हणजे कोणी कोणाशी लढायचे ते ठरे. एका संध्याकाळी त्याने 39 किलो वजनाच्या एका मुलाचा दुहेरी पट काढला, म्हणजे दोन्ही पाय धरून त्याला पाडले, तो मुलगा उताणा गेला आणि माझ्या मुलाचा सगळा भार त्याच्या खांद्यावर आला. त्या मुलाचे कॉलरबोन मोडले. डाव नियमाला धरून होता आणि माझ्या मुलाची चूक काढण्यासारखे त्यात काही नव्हते, तरीही त्या रात्री जेवण पुढ्यात ठेवून तो मला एकच विचारत राहिला, "आई, मी जास्त जोरात लावलं का गं?" त्या ठिकाणच्या प्रशिक्षकांनी "कुस्ती म्हटली की लागायचंच" एवढ्यावर विषय संपवला आणि पुढच्या आठवड्यात तेवढ्याच वजनाचा दुसरा मुलगा त्याच्यासमोर उभा केला. मी त्याला तेथून काढले.

सध्याच्या केंद्रात दर शनिवारी सकाळी 6 वाजता, व्यायाम सुरू होण्याआधी, प्रत्येक मुलाचे वजन होते. वजनकाटा ऑलिंपिक पदकविजेते मल्ल खाशाबा जाधव यांच्या तसबिरीखाली ठेवलेला आहे. वस्ताद स्वतः वहीत वजन, उंची आणि जन्मतारीख लिहितात, आणि त्याच ओळीत एक रकाना असा आहे की मूल नीट पडायला शिकले, अशी त्यांची खात्री झाल्यावरच त्यात खूण होते. ती खूण होईपर्यंत, म्हणजे साधारण पहिले दीड महिना, कोणालाही लढतीत उतरवत नाहीत. हनुवटी छातीला लावून पाठीवर पडणे, पडताना हात मागे टेकवायचा नाही हे अंगवळणी पाडणे, कुशीवर वळणे, एवढेच रोज चालते. माझ्या मुलाला हे सुरुवातीला फार कंटाळवाणे वाटले होते.

खरी लढत लावताना दोघांच्या वजनात 4 किलोंहून अधिक आणि वयात दीड वर्षाहून अधिक अंतर नसावे, असा येथील दंडक आहे. माझ्या मुलासाठी यात मोठी अडचण होती, कारण त्याच्या वजनाची मुले 16 वर्षांची होती. मीच वस्तादांना म्हटले होते की मग त्याला मोठ्यांत खेळवा. त्यांनी ते मानले नाही, आणि त्यांचे कारण मला पटले. वजन सारखे असले तरी 16 वर्षांच्या मुलाच्या अंगात वयात आल्यानंतरची ताकद आणि तीन-चार वर्षांची मेहनत असते, तर 13 वर्षांच्या मुलाच्या हाडांची टोके अजून वाढीची, कूर्चेची असतात आणि पिळाला ती लवकर बळी पडतात. मुलांची उंची साधारण 14 व्या वर्षाच्या आसपास सर्वांत वेगाने वाढते, मुलींची त्याआधी सुमारे दोन वर्षे. त्यामुळे एकाच इयत्तेतली दोन मुले शरीराने एकमेकांपासून कित्येक वर्षे दूर असू शकतात. थोराड मुलाला लोक मोठा समजू लागतात आणि त्याच्याकडून मोठ्यासारखी अपेक्षाही करतात. तो आतून तेरा वर्षांचाच आहे, हे पहिल्या भेटीत ओळखणारे मला भेटलेले हे पहिले प्रशिक्षक होते.

हलक्या जोडीदारांबरोबर त्याचा सराव होतो, पण अटींवर. त्याने गुडघे आणि हात मॅटवर टेकून खाली बसायचे, समोरच्याने पाठीवरून कब्जा घ्यायचा आणि उठून उभे न राहता याने सुटका करून घ्यायची. ढाक आणि कलाजंग हे डाव त्याला हलक्या मुलांवर बंद आहेत, कारण दोन्हींत उचलून फेकणे येते. एका सकाळी मी बाकावर बसून पाहत होते. 42 किलोंचा एक चपळ मुलगा पुरी दोन मिनिटे त्याच्या पाठीवर होता. माझ्या मुलाचे कान लालबुंद झाले होते, कोपरे घसरत होती आणि त्याला सुटता येत नव्हते. वस्ताद माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "ताई, याला आजवर कुणी खाली धरलेलंच नाही, मग सुटायला शिकणार कधी?" मला तोवर फक्त समोरच्या मुलाच्या हाडांची काळजी होती. वजनाच्या जोरावर जिंकत गेल्यामुळे माझ्याच मुलाचे शिक्षण अडले होते, हे माझ्या ध्यानात आले नव्हते.

आपल्याकडे गावच्या जत्रेत रेवड्यांच्या कुस्त्या लागतात, तेव्हाही जाणते पैलवान दोन पोरांना शेजारी उभे करून खांदे आणि मनगटे पाहतात, आणि जोड तोडीस तोड नसेल तर पोरगा कितीही हट्टाला पेटला तरी त्याला परत पाठवतात. या केंद्राने तीच रीत वजनकाट्याला आणि वहीला जोडली आहे, असे मला वाटते.

स्पर्धेच्या बाबतीतही मी येथे निर्धास्त आहे. 15 वर्षांखालील म्हणून ओळखला जाणारा आंतरराष्ट्रीय गट 14 आणि 15 वर्षांच्या मुलांसाठी असतो आणि 13 वर्षांच्या मुलाला त्यात उतरायचे तर वैद्यकीय दाखला व पालकांची संमती लागते. त्यात 57 आणि 62 किलो असे लागोपाठचे वजनगट आहेत. पूर्वीच्या ठिकाणी आम्हाला सुचवले गेले होते की चार किलो उतरवून 57 मध्ये घाला, पदक नक्की. वाढत्या वयाच्या मुलाचे पाणी तोडून त्याला त्याच्याहून लहान चणीच्या मुलांसमोर उभे करणे म्हणजे दोघांवरही अन्याय आहे. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट अंतिम फेरीच्या सकाळी 100 ग्रॅम जास्त भरल्या, त्याआधी रात्रभर वजन उतरवण्यासाठी काय काय करावे लागले, हे आपण सर्वांनी वाचले आहे, आणि त्या तर अनुभवी, प्रौढ खेळाडू होत्या. येथील वस्तादांनी स्पष्ट सांगितले की मुलगा भरेल त्याच गटात खेळेल आणि यंदा तर खेळणारच नाही. गोळेश्वरच्या खाशाबांना 1952 साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळाले ते 57 किलोंच्याच गटात, आणि लहान चणीच्या मल्लाला न्याय मिळावा म्हणूनच वजनगट असतात, असे ते मुलांना त्या तसबिरीकडे बोट दाखवून सांगतात.

सराव लढती दोन-दोन मिनिटांच्या दोन फेऱ्यांच्या असतात. फ्रीस्टाइलमध्ये 10 गुणांचा फरक पडला की कुस्ती थांबते. येथे सरावात 6 गुणांवरच थांबवतात आणि जोड बदलतात. दुहेरी नेल्सनची पकड (मागून दोन्ही काखांखालून हात घालून मान दाबणे) 15 वर्षांखालील गटात मुळातच वर्ज्य आहे आणि येथे ती गंमत म्हणूनही कोणी लावत नाही.

केंद्रात उणिवा आहेत. माझ्या मुलाला पूर्ण ताकदीने लढता येईल असा एकच जोडीदार आहे, तोही आठवड्यातून दोनदा येतो. त्यामुळे मुलगा कधीकधी खट्टू होतो, आणि त्याची ही तक्रार मला योग्य वाटते, कारण ताकद असणे हा काही त्याचा गुन्हा नाही. महिन्यातून दोनदा वस्ताद त्याला दुसऱ्या तालमीत घेऊन जातात, पण रिक्षाचा खर्च आमचा. मॅटच्या दोन पट्ट्यांमधली चिकटपट्टी सुटली होती आणि सांगूनही ती बदलायला तीन आठवडे गेले. प्रथमोपचाराच्या पेटीत बर्फाची पिशवी नसते. सहा मुली येतात, पण त्यांना कपडे बदलायला स्वतंत्र खोली नाही. त्यांपैकी एक तिच्या वजनाच्या सगळ्या मुलांना एकेरी पटावर, म्हणजे एकच पाय धरून, सहज चीत करते, आणि तिच्यासाठी काही अटी घालाव्यात का, असे एका पालकांनी विचारले होते. वस्तादांनी नकार दिला. वजन सारखे आहे आणि समोरच्याला पडता येते, तेव्हा तिचे कौशल्य कोणालाही धोक्याचे नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

शुल्क महिन्याला 1,500 रुपये आहे आणि वेळ सकाळी पावणेआठपर्यंत. प्रवेश घेण्याआधी एखाद्या शनिवारी जाऊन बाकावर बसू देतात.

ज्या मुलाचे हाड मोडले, त्याच्या आईला मी या केंद्राचा पत्ता दिला आहे. त्याचा हात आता पूर्ण बरा आहे. तिने अजून काही ठरवलेले नाही आणि मीही पुन्हा विचारलेले नाही.