बगळ्याची मान: क्रँक-लिंक की कॅम?

गणपतीच्या देखाव्यात पाण्याकाठी बगळा ठेवायचा आणि त्याची मान हलवायची, एवढं ठरलंय ना? मग मोटर आणायच्या आधी भाताच्या शेतातला बगळा आठवा. बराच वेळ तो हलतच नाही, मग झपकन चोच मारतो.

क्रँक-लिंक, म्हणजे मोटरवर गोल फिरणारी आखूड पट्टी (क्रँक) आणि तिला मानेशी जोडणारी पट्टी, स्वस्त पडते. फ्लॅट पट्ट्या, चार पिना आणि बुश (पिनेभोवतीची नळी), बस्स. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या छोट्या वर्कशॉपलाही हे काम जड नाही. क्रँक ८ सेंमी, जोडपट्टी ३०, मानेची पट्टी २० आणि दोन स्थिर पिनांमधलं अंतर ३२ धरा. सगळ्यात आखूड आणि सगळ्यात लांब मापाची बेरीज ४०, उरलेल्या दोघांची ५०. पहिली बेरीज कमी आहे म्हणून क्रँक पूर्ण फिरते. मान साधारण ४८ अंश झुलते, कुठं अडकत नाही. पण तिला खाली जायला आणि वर यायला जवळपास सारखाच वेळ लागतो, आणि टोकाला ती मंदावते, थांबत नाही. आमचा पहिला बगळा असाच झाला होता. लोक त्याला नंदीबैल म्हणायला लागले!

पंख, लाटा, झोका अशा सलग हालचालीला मात्र लिंकच घ्या. डच कलाकार थिओ यान्सेन यांचे वाऱ्यावर चालणारे सांगाडे लिंकांवरच चालतात. अर्थात पाय नीट पडावा म्हणून पट्ट्यांची मापं त्यांना संगणकावर शोधावी लागली.

थांबा हवा असेल तर कॅम, म्हणजे मोटरवर फिरणारी, कडेला चढ-उतार असलेली चकती. तिच्या कडेवर टेकलेला रोलर मान वर-खाली करतो. मिनिटाला ६ फेऱ्या, म्हणजे एक फेरी १० सेकंदांची. त्यातले ७ सेकंद मान वर स्थिर, म्हणजे कॅमचा २५२ अंशांचा भाग निव्वळ गोल. मग १८ अंशांत उतार, ३६ अंश चोच पाण्यात, आणि ५४ अंशांत परत चढ. हा चढ फार उभा झाला तर रोलर आडवा रेटला जातो आणि मोटर कण्हते. अशा वेळी कॅमच मोठा कापा. १२ मिमीची लोखंडी प्लेट आणि रोलरच्या जागी ६२०२ बेअरिंग पुरतं. प्लायवूडचा मोह नको. भाद्रपदातल्या आपल्या पावसात तो फुगतो. रोज ६ तास धरले तरी ११ दिवसांत २३,७६० झेपा होतात, तेव्हा रोलर झिजणारच. एक बेअरिंग जादा ठेवा.

दोन्हीकडे खरी डोकेदुखी वजनाची. मान ३ किलोची आणि तिचा भार ती ज्या पिनेवर झुलते तिच्यापासून ४० सेंमीवर असेल, तर पलीकडे २० सेंमीवर ६ किलो लावले की तोल जमतो, मोटर तापत नाही. लिंकला हे एवढं पुरे. कॅमला मात्र मान आपोआप खाली पडायला हवी, म्हणून ५ किलोच लावा आणि खाली रबराचा ठोकळा ठेवा. नाहीतर प्रत्येक झेपेला मंडपभर ठण्ण आवाज येतो.

बनवायला वेळ दोनच संध्याकाळींचा असेल, तर कॅमच्या नादी लागू नका. मान स्थिर ठेवा आणि लिंकवर पंख हलवा.