एप्टेशिया: चुन्याची सुई की पेपरमिंट कोळंबी?

लाइव्ह रॉकसोबत (म्हणजे जीवजंतू वसलेल्या समुद्री दगडांसोबत) नव्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीत न बोलावता येणाऱ्यांत एप्टेशिया सगळ्यात चिवट. हा तपकिरी ॲनिमोन, म्हणजे दगडाला चिकटून राहणारा फुलासारखा सागरी प्राणी, खरवडून काढू नका, दगडावर उरलेल्या कणातूनही नवा उगवतो.

मोजकेच असतील आणि हात पोचत असेल, तर मी चुन्याच्या बाजूने. शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड आरओच्या पाण्यात दह्याइतकं घट्ट कालवा, पंप बंद करा आणि सिरिंजची सुई अगदी सावकाश त्याच्या तोंडापाशी न्या. जरा धक्का लागला की तो आक्रसून भोकात शिरतो आणि नेम चुकतो. पेस्ट नीट आत गेली तर काम तिथेच संपतं. मात्र चुन्याने पीएच चढतो, म्हणून छोट्या टाकीत एका दिवशी दोन-तीनच मारा. शेजारच्या कोरलवर पेस्ट सांडू देऊ नका. हातमोजे आणि चष्मा हवाच.

कपारीत पसरलेल्यांपुढे सुई हतबल होते. तिथे पेपरमिंट कोळंबी रात्री फिरून बारीक पिल्लं टिपते, मोठ्यांना बहुधा शिवत नाही. आयतं खाणं भरपूर मिळालं तर तेवढंही करत नाही. विकत घेताना पाठ बघा: कुबड असलेली कॅमल कोळंबी याच नावाने खपवली जाते आणि ती कोरल कुरतडते. टाकी सायकल होण्याआधी, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू तिच्यात रुजण्याआधी, कोळंबी सोडणं म्हणजे तिला मारणंच, आणि तांब्याचं औषध तर तिला चालतच नाही.

माझा क्रम ठरलेला आहे: मोठे आधी सुईने, मग कोळंबी.