स्कॅनमध्ये पाऊल वाकडं दिसलं: पुन्हा सोनोग्राफी, थ्रीडी की गर्भजल तपासणी?

पाचव्या महिन्यातली ॲनोमली स्कॅन होते आणि रिपोर्टच्या तळाशी एक ओळ येते: उजव्या पायाला क्लबफूटची, म्हणजे जन्मतः आत वळलेल्या पावलाची, शंका. घरी कुणाला पाळायचं राहून गेलेलं ग्रहण आठवतं. ग्रहणाचा काही संबंध नाही. घराण्यात कुणाचं पाऊल जन्मतः वाकडं असेल, तर ते मात्र डॉक्टरांना सांगा. साधारण हजार बाळांत एकाला हे असतं, मुलग्यांमध्ये जवळपास दुप्पट.

शंका येते ती अशी. गुडघ्याखालची दोन्ही हाडं पडद्यावर लांबीत दिसत असताना तळवा त्याच चित्रात दिसायला नको. तो दिसला, तोही हॉकीच्या काठीसारखा आत वळलेला, तर डॉक्टर थांबून बघतात. पण बाळाने पाय गर्भाशयाच्या भिंतीला टेकवून ठेवला असेल, तरी असंच दिसू शकतं.

म्हणून माझं पहिलं मत पुन्हा साध्या टूडी सोनोग्राफीला, फक्त फीटल मेडिसिनवाल्या, म्हणजे पोटातल्या बाळाच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे. ते पाय हलताना बघतात. हलूनही पाऊल तसंच राहिलं, तर शंका पक्की होते. शिवाय पाठीचा कणा, मेंदू, हृदय, हातांची बोटं, सांधे हे सगळं नव्याने तपासलं जातं, आणि खरा निर्णय त्यावरच ठरतो. एकटं वाकडं पाऊल ही एक गोष्ट. त्यासोबत कण्यात दोष किंवा आखडलेले सांधे असतील तर ती पूर्णपणे वेगळी.

थ्रीडीचा फोटो आजीला दाखवायला छान. कधीकधी पावलाची दिशा समजायला मदतही होते, पण बाळ नीट वळलेलं हवं आणि भोवती पाणी पुरेसं हवं. पाऊल लवचीक आहे की ताठर, हे मात्र कुठलंच मशीन नीट सांगत नाही. ते जन्मानंतर पाऊल हातात धरल्यावरच कळतं. थ्रीडीसाठी जादा पैसे मी मोजणार नाही.

गर्भजल तपासणी पावलाबद्दल काहीच सांगत नाही, ती गुणसूत्रांबद्दल सांगते. सुई पोटातून जाते, गर्भपाताचा धोका थोडा पण असतो. बाकी स्कॅन स्वच्छ असेल तर गुणसूत्रांत दोष सापडण्याची शक्यता कमीच. दुसरं काही दिसलं असेल किंवा डबल मार्करमध्ये (सुरुवातीच्या महिन्यांतल्या रक्ततपासणीत) गुणसूत्रदोषाचा धोका जास्त आला असेल, तर मात्र करावी, आणि लवकर. पेशी वाढवून केलेल्या तपासणीचा रिपोर्ट यायला दोन-तीन आठवडे जातात. गर्भपात कायद्यातल्या २०२१च्या दुरुस्तीनंतर, गर्भात गंभीर दोष असेल तर २४ आठवड्यांपुढचा गर्भपात वैद्यकीय मंडळाकडे जातो. तेव्हा ‘महिन्याने बघू’ म्हणत दुसरी सोनोग्राफी लांबवू नका.

थ्रीडीचे वाचलेले पैसे बाळंतपणाआधीच लहान मुलांच्या हाडांच्या डॉक्टरांच्या फीसाठी ठेवा. आता उपचार पॉन्सेटी पद्धतीने होतात: दर आठवड्याला मांडीपासून बोटांपर्यंत प्लास्टर, अशी पाच-सहा. मग बहुतेकांना टाचेमागच्या धोंडशिरेला छोटा छेद. पुढे दांडीने जोडलेले बूट: तीन महिने जवळजवळ चोवीस तास, नंतर चार-पाच वर्षांचं होईपर्यंत झोपताना. प्लास्टर सोपं, बूट कठीण; पालक कंटाळले की पाऊल पुन्हा वळतं. सरकारी बालआरोग्य कार्यक्रमात क्लबफूटचा समावेश आहे, त्यामुळे जिल्हा रुग्णालयातही चौकशी करा. त्यांची प्लास्टरची ओपीडी कोणत्या वारी असते, ते आत्ताच विचारून ठेवा.