‘पाइल’ या एका शब्दावर तपासलेला इंग्रजी-मराठी कोश

सोलापूरच्या नव्या पेठेतून हा जाडजूड इंग्रजी-मराठी कोश घेतला त्याला आता चार महिने झाले. छापील किंमत ६५० रुपये. दुकानदाराने ५२० ला दिला, वर "आता कोण घेतंय ओ मॅडम डिक्शनरी," म्हणत प्लास्टिकचं कव्हरही घालून दिलं. घेण्याचं कारण जरा लाजिरवाणं आहे, पण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात परदेशी गिऱ्हाइकांचा पत्रव्यवहार बघते. ‘पाइल’ हा शब्द आमच्याकडे दिवसातून पन्नासदा कानावर पडतो. टॉवेलच्या अंगावर ज्या बारीक कड्या उभ्या असतात आणि पाणी पितात, ती पाइल. मागावर त्यासाठी दोन बीम, म्हणजे उभे धागे गुंडाळलेले रूळ, असतात, एक ग्राउंडचा (खालच्या मूळ कापडाचा) आणि एक पाइलचा. ग्राउंडचे धागे ताठ, पाइलचे सैल सोडलेले. पहिले दोन आडवे धागे फणी थोडे अलीकडेच ठेवते, तिसऱ्याला पुरता ठोका देते. तिन्ही मिळून पुढे सरकतात आणि सैल धाग्याची कडी उभी राहते. हे आमच्या जॉबरमामांना, म्हणजे माग बघणाऱ्या मामांना, झोपेतही सांगता येतं.

तर एका गिऱ्हाइकाची तक्रार आली, की दोन्ही बाजूंच्या पाइल्स सैल आहेत. ऑफिसातल्या नव्या पोराने ती मोबाइलमधल्या एका फुकट अ‍ॅपमध्ये टाकली, छापली आणि मागाच्या खात्यात फळ्यावर चिकटवली. ‘दोन्ही बाजूंना सैल मूळव्याध.’ मामांनी चष्मा वर करून ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "मॅडम, गिऱ्हाइकाला दवाखान्यात पाठवा की ओ, हितं मागावर काय इलाज करायचा?" त्याच संध्याकाळी मी कोश आणला.

पहिली परीक्षा अर्थातच या शब्दाची घेतली, आणि इथे कोशाला पैकीच्या पैकी. अ‍ॅप सगळे अर्थ एकाच पोत्यात भरतं. कोशात मात्र पाइल ही नोंद चार वेळा आहे, वर छोटे आकडे टाकून. म्हणजे हा एक शब्द नाहीच, सारख्या स्पेलिंगचे चार वेगळे शब्द आहेत. ढीग या अर्थाचा पाइल लॅटिनमधल्या खांब या अर्थाच्या ‘पीला’पासून आला. जमिनीत ठोकायचा पाइल भाल्याला म्हणतात त्या ‘पीलुम’पासून. मूळव्याधीचा पाइल चेंडू या अर्थाच्या ‘पिला’पासून, आणि टॉवेलचा पाइल केस या अर्थाच्या ‘पिलुस’पासून. खांब, भाला, चेंडू आणि केस! एवढी चार पाहुणेमंडळी एकाच नावाने दारात उभी राहिल्यावर बिचारं अ‍ॅप तरी काय करणार.

दुसऱ्या अर्थाची खातरी माझ्या दिरांनी दिली, ते बांधकामाची कंत्राटं घेतात. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते, आणि त्यावरचं घर तडकतं. म्हणून तळाशी घंटेसारखा फुगीर पाइल खोल उतरवून पाया त्यावर घेतात. कोशात यासाठी ‘खुंट, मेख’ एवढंच आहे. साइटवर खुंट म्हणालात तर मुकादम म्हशीचा दोर घेऊन येईल. तिथे पाइलच म्हणायचं.

टॉवेलच्या पाइलला कोश ‘लव’ म्हणतो. मी चिडले होते. लव म्हणजे बाळाच्या कानशिलावरची. आमची कडी कुठे, ती लव कुठे? पेन्सिलीने समासात फुलीसुद्धा मारली. मग चार ओळी वर नजर गेली तर मूळ अर्थ ‘केस’. म्हणजे लव अगदी नेमका. आणि कड्यांची टोकं कापून मखमलीसारखा केलेला टॉवेल आम्ही विकतोच, त्याला तर दुसरा शब्द शोभणार नाही. फुली खोडली.

खरी तक्रार समानार्थी शब्दांच्या चौकटीबद्दल आहे. पाइल, हीप, स्टॅक, माउंड अशी चार इंग्रजी नावं दिली आहेत आणि चारींसमोर एकच शब्द: ढीग. (माउंडला दया येऊन ‘ढिगारा’ केलंय.) अहो, इंग्रजीत हीप म्हणजे कसंही टाकलेलं, स्टॅक म्हणजे नीट एकावर एक रचलेलं, पाइल दोन्हींकडे झुकतो. आणि मराठीला याची कमतरता आहे का? खळ्यावर ज्वारीची रास. कडब्याची गंज. गोदामात घडी घातलेल्या टॉवेलांची थप्पी. मडक्यांची उतरंड. कडक भाकरीची चळत, जी सोलापुरात किराणा दुकानाच्या दारातसुद्धा दिसते. धुण्याचा मात्र ढीग, तोही रविवारी. माझ्या सासूबाईंनी भाकरीला कधी ढीग म्हटलेलं मी ऐकलेलं नाही, आणि मी म्हटलं असतं तर मला जेवायला मिळालं नसतं. इंग्रजीतला फरक शिकवण्यासाठी हे शब्द आयते पडले होते. स्टॅकसमोर थप्पी आणि चळत लिहिलं असतं तर पोरांना एका ओळीत कळलं असतं.

गंज हा शब्द बघायला मी मग उलट बाजूचा, मराठी-इंग्रजी कोशही उघडला. लोखंडाचा गंज, दुधाचा गंज (म्हणजे भांडं), कडब्याची गंज. म्हणजे आपणही काही कमी नाही. एखाद्या इंग्रजाने अ‍ॅपमध्ये कडब्याची गंज टाकली तर त्याला गंजलेला चारा मिळेल.

जोडशब्दांत कोश चांगला आहे. काम ‘पाइल अप’ होणं याला ‘तुंबणे, साचणे’ दिलंय, ‘ढीग होणे’ नाही, हे आवडलं. पाइल कमावणे म्हणजे गडगंज होणे, हेही झकास. अणुभट्टी हा जुना अर्थही आहे; आठवीतल्या मुलाने त्यावरून विचारलं, तर खरंच १९४२ साली शिकागोत पहिली अणुभट्टी उभी केली ती ग्रॅफाइटच्या विटा एकावर एक रचूनच. व्होल्टाने १८०० साली केलेली पहिली बॅटरीही धातूच्या चकत्यांची चळतच होती. कोशात बॅटरीचं नाही. नसेना.

बाकी थोडक्यात. अक्षर बारीक, पन्नाशीपुढच्यांना भिंग लागेल. उच्चार देवनागरीत आहेत ही मोठी सोय. बांधणी शिवलेली आहे, डिंकाची नाही, पण कागद इतका पातळ की मागच्या पानाचं अक्षर पुढे येतं. वीव्हिंगचे शब्द तुटपुंजे. टेरी (कड्यांचं कापड) आहे, पण त्यात टॉवेलचं चित्र नाही. पाचातले साडेतीन तारे. पत्रव्यवहार करणाऱ्याने घ्यावा, नुसती शाळेची पोरं असतील तर लहान आवृत्ती पुरेल.

परवा मामांना ते पान दाखवलं. कपाळाला आठ्या घालून चारही नोंदी वाचल्या, टॉवेलच्या नोंदीवर अंगठा ठेवला. तिथे अजून सुताची लव चिकटलेली आहे. म्हणाले, "हाय की बरोबर. पण किती एमएम ठेवायची ते लिव्हलंच नाही ओ."